नव्या पोरांवर कबड्डी संघ उभा करताना: तीन हंगामांची आखणी

मराठवाड्यात तालुक्यागणिक एक तरी कबड्डी संघ असा सापडतो, की दहा वर्षांपूर्वी त्याचं नाव ऐकून समोरचे संघ सावध व्हायचे आणि आज तो पहिल्याच फेरीत बाद होतो. कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं. मूळ सात जण एका वयाचे होते, एकदमच तिशीत गेले. कुणी पोलिसात लागला, कुणी पुण्याला कंपनीत गेला, कुणाचा गुडघा गेला. मागून पोरं तयार केली नाहीत. मग शिवजयंतीच्या स्पर्धेत रोख बक्षीस मोठं दिसलं की बाहेरून तीन-चार खेळाडू बोलवायचे, एका रात्रीचं मानधन द्यायचं आणि उपांत्य फेरी गाठायची. दुसऱ्या दिवशी ते खेळाडू आपापल्या गावी जातात आणि संघ होता तिथेच राहतो.

पुढची आखणी अशा संघासाठी आहे. ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपासून सुरू होते आणि तीन हंगाम चालते. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: संघ कोपऱ्यांपासून (म्हणजे बचावात दोन्ही टोकांना उभ्या राहणाऱ्या खेळाडूंपासून) बांधा, चढाईपासून नाही, आणि पहिली दोन वर्षं बक्षिसाकडे बघू नका. चढाईपटू लवकर चमकतो, टाळ्या त्यालाच मिळतात, म्हणून सगळे त्यालाच शोधत फिरतात. पण सतरा वर्षांच्या चांगल्या चढाईपटूला दुसरा संघ एका मोसमात पळवून नेतो. एकमेकांची सवय झालेली कोपऱ्याची जोडी मात्र सहजासहजी फुटत नाही, आणि फुटली तरी त्यातला एकटा खेळाडू दुसऱ्या संघाच्या फारसा उपयोगी पडत नाही.

मोठ्या पातळीवरही असंच दिसतं. पुणेरी पलटणने प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांच्यासारख्या नव्या मुलांना थेट मैदानात उतरवलं. त्या वर्षी संघ बाद फेरीत पोहोचला आणि तिथे हरला. नवव्या हंगामात अंतिम सामना जयपूरविरुद्ध ३३–२९ असा गमावला. दहाव्यात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला, हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून विजेतेपद घेतलं. कर्णधार होता अस्लम, नगर जिल्ह्यातला. तीन हंगाम लागले. आणि मोठा पैसा कुठे खर्च झाला ते पाहा: नवव्या हंगामात फजल अत्राचली, दहाव्यात मोहम्मदरझा शादलू, दोघेही इराणचे, दोघेही डाव्या कोपऱ्यातले. मुलांचा पाया तयार झाल्यावर त्यांनी कोपरा विकत घेतला.

तिकडे उत्तर अमेरिकेत बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या एनएचएलमध्ये तर नव्या मुलांच्या वाटपाचा नियमच आहे. त्याला ड्राफ्ट म्हणतात. तळाच्या संघांना आधी निवडायला मिळतं, अगदी वरच्या क्रमांकांसाठी सोडत निघते, सात फेऱ्या होतात. शिकागो ब्लॅकहॉक्सने २००६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोनाथन टेव्स आणि २००७ मध्ये पहिल्या क्रमांकावर पॅट्रिक केन उचलला आणि २०१० मध्ये स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. पण त्या संघाचा बचाव ज्याच्यावर उभा होता तो डंकन कीथ २००२ सालीच, दुसऱ्या फेरीत, घेतलेला होता. बचावाचा माणूस आधी रुजलेला होता, गोल करणारी पोरं नंतर आली. हा ड्राफ्ट तालुक्यातही करता येतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आधी जुन्यांचा हिशेब

नवी पोरं आणण्याआधी एका कागदावर सध्याच्या प्रत्येक खेळाडूचं वय, जागा, मागच्या हंगामात तो किती सामने पूर्ण खेळला आणि आठवड्यात किती दिवस सरावाला येतो हे लिहा. अठ्ठाविशीच्या पुढचे सगळे एकदम काढू नका. दोघं-तिघं ठेवा, तेही कोपरा आणि कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू) या जागांवरचे. आठवड्यातून चार दिवस पहाटे मैदानावर येणारा बत्तीस वर्षांचा कोपरा मुलांना जेवढं शिकवतो तेवढं कोणतंही शिबिर शिकवत नाही. याउलट, फक्त सामन्याच्या दिवशी उगवणारा नावाजलेला चढाईपटू आदराने, हार-नारळ देऊन मोकळा करा. तो संघात असेपर्यंत अडचणीच्या वेळी प्रत्येक चढाई त्याच्याकडेच जाईल आणि मुलं बघत राहतील.

हे काम बैठकीत, तोंडावर आणि एकाच दिवशी करा. कट्ट्यावर कुजबुज सुरू झाली की जुन्यांचे दोन गट पडतात आणि नव्या मुलांच्या घरच्यांपर्यंत भलतंच पोहोचतं.

चाचणी कधी, कुठे, कशी

निवड चाचणी जूनच्या शेवटी ते १५ जुलैच्या दरम्यान घ्या. शाळा सुरू झालेल्या असतात, पेरणी बहुतेक उरकलेली असते, मुलं गावातच असतात. १५ जुलै हा कबड्डीचे संघटक बुवा साळवींचा जन्मदिवस, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी चाचणी ठेवली तर शाळाही सहज सहकार्य करतात. क्रीडाशिक्षकांना दोन आठवडे आधी भेटा. आश्रमशाळा, निवासी शाळा आणि तांड्यावरच्या शाळा वगळू नका. तालुक्यातली सर्वांत दणकट पायांची पोरं बऱ्याचदा तिथेच सापडतात आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

वयाची कागदपत्रं आधी बघा: जन्मदाखला, आधार आणि शाळेचा बोनाफाइड, तिन्हींवरची तारीख जुळली पाहिजे. किशोर गटाची वयोमर्यादा १६ वर्षं आणि वजन ५५ किलो, कुमार गटाची २० वर्षं आणि ७० किलो, पुरुषांचं वजन ८५ किलो. तारखेत घोळ असलेला मुलगा कितीही चांगला असला तरी घेऊ नका. जिल्ह्याच्या स्पर्धेत हरकत निघते आणि त्याच्यासोबत सगळा संघ बाद होतो.

शारीरिक चाचणीला एक सकाळ पुरे. ३० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, १० मीटरची चार फेऱ्यांची धाव, आणि टाचा न उचलता पूर्ण खाली बसणं. पंधरा-सोळाच्या मुलाने ३० मीटर साडेचार सेकंदांच्या आसपास काढले आणि उडी सव्वादोन मीटरच्या जवळ गेली तर अंगात स्फोटकपणा आहे असं समजा. पण आम्ही सर्वांत जास्त वजन देतो ते शेवटच्या चाचणीला. टाच जमिनीला टेकवून खाली बसता येत नसेल, तर घोटा आणि कंबर आखडलेली आहेत. कोपऱ्याचा खेळाडू सामनाभर त्याच स्थितीत असतो. आखडलेला मुलगा दर चढाईला दोन इंच वर उभा राहतो आणि चढाईपटूचा पाय त्याच्या हाताखालून निघून जातो.

मग हातांची लांबी मोजा, एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत. उंचीपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त भरली तर त्या मुलापुढे खूण करा. त्याच्या आई-वडिलांची उंचीही विचारा. सोळाव्या वर्षी दाढी-मिशा आलेला, पूर्ण भरलेला मुलगा आज सगळ्यांना उचलून आपटतो, पण त्याची वाढ संपत आलेली असते. बारीक, लांब हाडांचा, मोठ्या पावलांचा मुलगा आज हरतो आणि दोन वर्षांनी पंधरा किलोंनी वाढलेला असतो. निवड समितीची सर्वांत मोठी चूक इथेच होते: पदकं आणि आजची ताकद बघून निवड केली जाते.

दुपारी खेळ बघा. प्रत्येक मुलाला अनोळखी सहा जणांविरुद्ध चार चढाया द्या आणि बारा चढायांसाठी बचावात उभं करा. गुण मोजू नका, तीन गोष्टी बघा. चढाईपटू बाद झाल्यावर पुढच्या चढाईला त्याच ठिकाणी जातो की बाजू बदलतो. बचाव करणारा चढाईपटूच्या डोळ्यांकडे बघतो की कमरेकडे. आणि शेजारच्याने पकड सुरू केली की हा किती वेगात मदतीला पोहोचतो. तिसरी गोष्ट शिकवायला फार अवघड. ती अंगात असलेला मुलगा बाकी गुण कमी असले तरी घ्या.

एकूण चौदा मुलं निवडा. सात आणि सात असे दोन संघ समोरासमोर रोज खेळू शकतात, म्हणून चौदा. त्यात सहा कोपरा-कव्हरसाठी, पाच चढाईसाठी, तीन दोन्हीकडे चालणारी. एक डावा चढाईपटू, म्हणजे डाव्या हाता-पायाचा, शोधूनच घ्या; त्याच्याशिवाय तुमच्या उजव्या कोपऱ्याला सरावच मिळत नाही.

मैदान

काळ्या मातीत कबड्डीचं मैदान करू नका. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि घोटा तिथेच मुरगळतो. पुरुष आणि कुमार गटाचं मैदान राखीव पट्ट्यांसह १३ बाय १० मीटर असतं; भोवती मोकळी जागा धरून निदान १५ बाय १२ मीटर तयार करा. एक फूट खोदा. खालचा अर्धा फूट मुरूम, पाणी मारून रोलरने दाबलेला. वरचा अर्धा फूट चाळलेली लाल माती, बारीक वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत व लाकडाचा भुसा. एवढ्या मैदानाला अर्ध्या फुटाच्या थराला साडेनऊ ब्रास माल लागतो. वरच्या थरात सात ब्रास माती, दीड ब्रास वाळू आणि एक ब्रास शेणखत-भुसा हे प्रमाण चालतं. वाळू जास्त झाली तर गुडघे-कोपरं सोलतात. माती जास्त झाली तर वर पापडी धरते.

शेणखत ताजं असेल तर ते मैदानात घालू नका. खरचटलेल्या जागी शेणाची माती जाणं म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण. राष्ट्रीय लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची, लस असते. प्रत्येक मुलाची ती झाली आहे का हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या, राहिली असेल तर देऊन घ्या.

पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं, चौरस मीटरला दोन लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दोन ड्रम पुरतात. एप्रिल-मेमध्ये गावाला टँकर सुरू असेल तर पिण्याचं पाणी मैदानावर ओतू नका. लोकांना ते दिसतं आणि रुचत नाही. सांडपाणी साबणाचं नसेल तर ते चालतं, नाहीतर त्या दोन महिन्यांत मैदानी खेळ बंद ठेवून फक्त व्यायाम घ्या.

जिल्ह्याच्या पुढच्या बहुतेक स्पर्धा मॅटवर होतात. एक मीटर चौरसाचे तुकडे येतात, नुसत्या मैदानालाच १३० लागतात. विकत घेणं एकट्या मंडळाला जड जातं. दोन-तीन मंडळांनी मिळून घ्या. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, पण आषाढापासून कार्तिकापर्यंत लग्नाचे मुहूर्त नसल्याने मंगल कार्यालयं रिकामी असतात. मालकाशी बोलून सकाळचे दोन तास मागा. वीजबिल आणि झाडझूड आपल्याकडे घेतली तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. खांबांना मात्र छातीच्या उंचीपर्यंत जुन्या गाद्या बांधल्याशिवाय खेळ सुरू करू नका.

मातीवर अनवाणी वाढलेला मुलगा मॅटवर आला की पहिल्या आठवड्यात घोटा मुरगळतो किंवा गुडघा दुखावतो. मॅटवर बूट धरून बसतो, पाय मातीसारखा घसरत नाही आणि शरीर वळलं तरी पाऊल जागीच राहतं. पहिले दोन आठवडे मॅटवर रोज वीसच मिनिटं, तेही पकडीशिवाय: नुसत्या चाली, वळणं, थांबणं.

पहिलं वर्ष: घोट्याची पकड

पहिल्या वर्षात शिकवायच्या गोष्टी थोड्या ठेवा. घोट्याची पकड, मांडीची पकड, साखळी (शेजाऱ्याचा हात धरून करायचा बचाव), आणि चढाईत हाताने टिपणं व बोनस. डुबकी (साखळीखालून वाकून निसटणं) आणि उड्या व्हिडिओत बघून मुलं आपोआप करतात; त्यावर सरावाची वेळ घालवू नका.

घोट्याची पकड बसवण्यासाठी सहा आठवडे द्या. पहिले दोन आठवडे समोरचा उभा असतो, हलत नाही. कोपऱ्याचा मुलगा टाचा टेकवून खाली, वजन पायाच्या पुढच्या भागावर. एक हात मागून टाचेच्या वर, दुसरा पुढून घोट्यावर. हनुवटी छातीशी, डोकं समोरच्याच्या पायाच्या बाहेरच्या अंगाला. पाय आपल्याकडे ओढायचा आणि त्याच झटक्यात वर उचलायचा. डोकं आत, दोन पायांच्या मध्ये गेलं तर समोरच्याचा दुसरा गुडघा थेट तोंडावर बसतो. दात पडण्याचे प्रकार असेच होतात. अंगठा पायाभोवती घट्ट अडकवलेला असेल तर झटक्यात तो उलटा वळतो, म्हणून सुरुवातीला अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला लावा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात समोरचा चालतो, पाचव्या-सहाव्यात खरी चढाई करतो. इथे वेळ शिकवायची असते. बोनस घेताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे असतो आणि दुसरा हवेत असावाच लागतो, नाहीतर बोनस मिळत नाही. म्हणजे त्या क्षणी तो एका पायावर उभा असतो. पकड त्याच क्षणी. मुलं अर्धा सेकंद आधी झेप घेतात, कारण त्यांना पाय येताना दिसतो आणि राहवत नाही. यावर उपाय असा: प्रशिक्षकाने शिट्टी वाजवल्याशिवाय झेप घ्यायची नाही आणि शिट्टी मागचा पाय उचलला गेल्यावरच वाजवायची. तीन आठवडे शिट्टीवर, नंतर शिट्टी बंद. डोळ्याला तोपर्यंत ती वेळ कळलेली असते.

साखळीत बोटांत बोटं गुंतवू देऊ नका. जोराचा धक्का बसला की बोट मोडतं. चार बोटांचा आकडा करून एकमेकांचा पंजा धरायचा. कोण कोणाचा हात धरणार हे पहिल्या महिन्यात ठरवा आणि वर्षभर बदलू नका. डावा कोपरा आणि त्याचा शेजारी, उजवा कोपरा आणि त्याचा शेजारी या दोन जोड्या सरावातही, प्रवासातही, जेवतानाही सोबत असल्या तर बरं. जोडीतल्या एकाच्या खांद्याच्या हालचालीवरून दुसऱ्याला पकड येणार हे कळू लागतं.

सरावाचा आठवडा असा ठेवा: सहा दिवस, पहाटे पावणेसहा ते सव्वासात. सोमवार-गुरुवार पकड, मंगळवार-शुक्रवार चढाई, बुधवारी पळणं आणि ताकद (बैठका, जोर, दोरीवर चढणं, जोडीदाराला पाठीवर घेऊन चालणं), शनिवारी पूर्ण सामना. रविवारी सुट्टी द्याच. या वयात हाडं वाढत असतात. गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा दाबल्यावर दुखत असेल तर त्या मुलाच्या उड्या आणि बैठका दोन-तीन आठवडे बंद, आणि डॉक्टरला दाखवा. लिंबू-मीठ लावून मालीश करून त्याला पुन्हा उतरवू नका.

ऊसतोड, सोयाबीन आणि दहावी

पुस्तकातलं वेळापत्रक आपल्याकडे चालत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी असते, मुलं रानात असतात. त्या तीन आठवड्यांत सराव पाऊण तासाचा करा, हजेरीसाठी रागावू नका. मुलगा सकाळभर सोयाबीन कापून आला असेल तर त्याच्या कमरेला ताकदीचा व्यायाम झालेलाच आहे, त्याला चाली द्या.

बीड जिल्ह्यात आणि लगतच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर आई-वडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मार्च-एप्रिलपर्यंत. मुलगा सोबत गेला की तुमचा हंगाम आणि त्याची शाळा दोन्ही गेलं. ही गोष्ट जुलैमध्येच विचारून ठेवा. गावात हंगामी वसतिगृह सुरू होत असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीला भेटून त्याचं नाव वेळेत घालून घ्या. आजी-आजोबा घरी असतील तर संध्याकाळच्या जेवणाची सोय मंडळाने करा. उचल घेतलेल्या कुटुंबाला 'पोराला ठेवा' असं तोंडी सांगून भागत नाही, राहण्या-जेवण्याचा बंदोबस्त दाखवावा लागतो.

दहावी-बारावीच्या मुलांना जानेवारीच्या मध्यापासून परीक्षा संपेपर्यंत स्पर्धेला नेऊ नका. पालकांचा विश्वास इथे बसतो किंवा इथे तुटतो. क्रीडा सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण यांची खरी माहिती द्या: ते कोणत्या पातळीच्या स्पर्धांना लागू होतं, प्रमाणपत्राची पडताळणी कशी होते. यात्रेतल्या स्पर्धेच्या चषकावर नोकरी मिळत नाही, हेही सांगा.

खाणं आणि वजन

पासष्ट किलोच्या, रोज सराव करणाऱ्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. डबे विकत घ्यायची गरज नाही. चार अंडी (२४ ग्रॅम), अर्धा लिटर दूध (१६), दोन मुठी म्हणजे ७५ ग्रॅम शेंगदाणे (१९), ज्वारीच्या चार भाकरी (२८) आणि दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ (१४) यांत ते बसतं. अंडी न खाणाऱ्या घरात हरभरे-फुटाणे आणि दूध वाढवा. सरावानंतर अर्ध्या तासात शेंगदाणा-गूळ मैदानावरच द्या; मंडळाच्या खर्चातला हा सर्वांत सार्थकी लागणारा पैसा आहे.

वजनी गटाच्या गावस्पर्धांमुळे वेगळाच रोग लागला आहे. ५५ किंवा ६० किलोच्या गटात बसायला पोरं दोन दिवस उपाशी राहतात, पाणी तोडतात, उन्हात स्वेटर घालून पळतात. वाढीच्या वयात हे करू देऊ नका. चक्कर, पेटके तर येतातच, शिवाय ज्याचं वजन वाढावं म्हणून तुम्ही वर्षभर खाऊ घालता त्याला एका संध्याकाळच्या स्पर्धेसाठी तुम्हीच वाळवता. मुलगा ज्या वजनाचा आहे त्याच गटात खेळेल, नसेल बसत तर खेळणार नाही.

वही

एका मुलाला फक्त वही द्या. प्रत्येक चढाईची एक ओळ: कोण गेला, कोणत्या बाजूने, समोर किती जण होते, काय झालं, आणि पकड कुणी सुरू केली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. गुणफलकावर पकडीचा गुण संघाला जातो, पण सुरू कोणी केली आणि मदतीला कोण पोहोचलं नाही हे वहीतच कळतं. पहिल्या वर्षी हार-जीत बघू नका; दहा पकडींच्या प्रयत्नांत चार यशस्वी झाले की बचाव रुळावर आहे. मैदानात आपले तीन किंवा कमी खेळाडू असताना केलेल्या पकडी, म्हणजे अव्वल पकडी, वेगळ्या मोजा. तिथे एक गुण जादा मिळतो आणि घाबरट संघ तिथेच नुसता लोण पडायची, म्हणजे सगळे बाद व्हायची, वाट बघत बसतो. ओळीने दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या चढाईला कोण जायचं हे आधी ठरलेलं असावं आणि पहिल्या वर्षी ती संधी चढाईच्या पाचही मुलांना आळीपाळीने द्यावी, हरलो तरी.

तालुक्याचा ड्राफ्ट

चार-सहा मंडळं एकमेकांची पोरं पळवत असतील तर सगळेच कमकुवत राहतात. त्यापेक्षा संयुक्त चाचणी घ्या आणि वाटप करा. मागच्या वर्षीच्या तालुका स्पर्धेत तळाला असलेल्या संघाने आधी निवडायचं, विजेत्याने शेवटी. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. प्रत्येकाने सहा मुलं. जाणूनबुजून हरून पहिला क्रमांक लाटण्याचा मोह टाळण्यासाठी तळाच्या दोन संघांत चिठ्ठी टाका.

एवढं केलं तरी मुलगा म्हणजे कुणाची मालमत्ता नाही. मुलगा आणि पालक यांची लेखी संमती हवी, मैदान घरापासून सायकलच्या अंतरावर हवं, सख्खे भाऊ वेगळे करायचे नाहीत, आणि हंगाम संपल्यावर मुलाने बदल मागितला तर अडवायचं नाही. वाटपानंतर नोंदणी त्या-त्या मंडळाच्या नावाने जिल्हा कबड्डी असोसिएशनकडे रीतसर करा, नाहीतर सगळं तोंडी राहतं आणि पहिल्याच वादात मोडतं.

दुसरा आणि तिसरा हंगाम

दुसऱ्या हंगामात पुरुष गटाच्या स्पर्धांत उतरा, पण सुरुवातीच्या सातांत नवी पाच मुलं आणि जुने दोन ठेवा. इथेच गावकरी अस्वस्थ होतात. ओळीने चार स्पर्धा हरल्यावर देणगीदार विचारतात, 'दोन बाहेरचे आणायला काय हरकत आहे?' हरकत अशी, की बाहेरचा आला की तो कोपऱ्यात किंवा मुख्य चढाईला उभा राहतो, म्हणजे नेमक्या त्याच जागी जिच्यासाठी तुम्ही मुलगा दोन वर्षं घडवला. देणगीदाराला वही दाखवा: मागच्या वर्षी पकडी किती, यंदा किती. बहुतेकांना आकडे पटतात, पण ते आधीच दाखवावे लागतात. हरल्यावर दाखवले तर सबब वाटते.

अनुभवी खेळाडू आणायचाच तर तिसऱ्या हंगामात, एकच, कोपऱ्यासाठी, पूर्ण हंगामासाठी आणि सरावाला येण्याच्या अटीवर. बक्षिसाची रक्कम कशी वाटायची हे हंगामाआधी फळ्यावर लिहा. आम्ही सुचवतो ती वाटणी: निम्मी चौदाही मुलांत सारखी, एक चतुर्थांश मैदान-मॅट-खाण्यासाठी, एक चतुर्थांश दुखापतीच्या उपचारासाठी वेगळ्या खात्यात. खेळलेल्या सातांनाच पैसे दिले तर राखीव मुलं दिवाळीनंतर सरावाला येत नाहीत.

तिसऱ्या वर्षापर्यंत चौदातले सात-आठ टिकतात, हे धरूनच चाला. म्हणून दुसऱ्या जुलैत पाच आणि तिसऱ्या जुलैत पाच अशी नवी मुलं घेत राहा, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा सगळे एकाच वयाचे होतील. आणि एखाद्याची जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या संघात निवड झाली, कुठल्या अकादमीने बोलावलं, तर ना हरकत पत्र त्याच आठवड्यात द्या. त्याच्या जोडीदाराला मात्र लगेच नवा शेजारी नेमून द्या आणि त्या दोघांना पुन्हा उभ्या माणसावर घोट्याच्या पकडीपासून सुरुवात करायला लावा. साखळी जमायला दोन महिने तरी जातात.